कासवाचे पोट आणि घरातील उरलेले औषध

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी आम्हाला विचारले की, कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाला कासवाच्या पोटाशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, शीव, धारावी, परळ, लालबाग या भागांतील कामगारांच्या घरी जाणे हा आमचा नित्याचा व्यवहार आहे. अलीकडे या घरांतून, अगदी दहा बाय बाराच्या खोलीतसुद्धा, खिडकीशी किंवा टीव्हीशेजारी काचेच्या भांड्यात एखादे लहानसे कासव दिसते. कोणी ते मुलांच्या हौसेखातर आणलेले असते, कोणी घरात कासव असले म्हणजे लक्ष्मी टिकते या समजुतीने. ते आजारी पडले म्हणजे काय होते तेही आम्ही पाहतो. ते खाईनासे होते, डोळे मिटून बसते. मग कपाटाच्या वरच्या खणातून मुलाच्या खोकल्यासाठी मागे आणलेल्या औषधाची अर्धी बाटली निघते आणि तिच्यातील दोन थेंब कासवाच्या तोंडात जातात.

यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. मुक्या जिवाचे हाल पाहवत नाहीत, जनावरांच्या डॉक्टरकडे जावे तर एका दिवसाचा खाडा पडतो, म्हणून माणूस हाताशी असेल तो उपाय करतो. परंतु त्या दोन थेंबांनी कासवाच्या शरीरात काय उलथापालथ होते आणि तिचा आपल्या घराशी काय संबंध पोहोचतो, हे समजून घेतले पाहिजे. आम्ही पशुवैद्य नाही. पुस्तके वाचून आणि जाणत्यांना विचारून जे कळले तेच येथे साध्या भाषेत मांडीत आहोत.

प्रथम आपल्या घरांत येणारी कासवे कोणती ते पाहू. मुख्यतः ती दोन प्रकारची असतात. पहिले हिरवट पाठीचे, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले पाण्यातील कासव. त्याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. हे मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे दिसते. पण वाढल्यावर त्याची पाठ वीतभर लांब होते आणि ते वीस-तीस वर्षेही जगू शकते, हे विकणारा सांगत नाही. दुसरे जमिनीवरचे, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव. ते आपल्याच देशातील कोरड्या, झुडुपी रानांतले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात बाळगणे गुन्हा आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारान्वयेही त्याचा परदेशी व्यापार बंद करण्यात आला. तरीसुद्धा ते चोरून विकले जाते आणि विमानतळांवर प्रवाशांच्या सामानात कोंबलेले सापडते. कायद्याचा प्रश्न आहेच, पण आज आपण त्याच्या पोटाविषयी बोलणार आहोत.

कासव, सरडा, घोरपड, साप हे सारे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात येतात. आपल्यात आणि त्यांच्यात मोठा फरक उष्णतेचा आहे. आपले शरीर आतल्या आत अन्न जाळून बारा महिने आपली ऊब सांभाळते. कासवाला हे साधत नाही. त्याला ऊब बाहेरून, म्हणजे उन्हातून, तापलेल्या दगडातून किंवा कोमट पाण्यातून घ्यावी लागते. ती मिळाली तर त्याचे हृदय, आतडी आणि रोगाशी झुंजणारी यंत्रणा नीट चालते. ती मिळाली नाही तर सगळेच मंदावते. चूल विझल्यावर पातेल्यातली डाळ जशी कच्ची राहते, तसे थंड पडलेल्या कासवाच्या पोटातले अन्न न पचता पडून राहते आणि कुजू लागते.

आता त्या पोटात डोकावू. स्टार कासव गवत, पाला आणि चोथा खाणारे आहे. गवतातील काष्ठतंतू पचविण्याचा रस त्याच्या शरीरात तयार होत नाही. तो आपल्याही होत नाही आणि गाईच्याही होत नाही. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जे काम चालते, ते कासवाच्या मोठ्या आतड्यात चालते. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जिवाणू वस्तीला असतात. ते तो चोथा आंबवितात, फोडतात आणि त्यातून जी सौम्य आम्ले तयार होतात ती आतड्यातून रक्तात जाऊन कासवाला शक्ती देतात. हे काम सावकाशीचे असते. एकदा खाल्लेले गवत बाहेर पडावयास कित्येक दिवस लागतात, कधी आठवडेही. म्हणजे कासव स्वतःसाठी खाते हे अर्धेच खरे. ते आधी या कामकऱ्यांना खाऊ घालते आणि त्यांच्या श्रमावर आपण जगते.

ही वस्ती जन्मतः तयार नसते. मध्य अमेरिकेतील इग्वाना नावाचा मोठा सरडा असाच पालेखाऊ आहे. त्याची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर आपल्या जातीच्या मोठ्या प्राण्यांची विष्ठा खातात आणि त्यातून पचनाचे जिवाणू मिळवितात, असे पनामाच्या जंगलात केलेल्या अभ्यासातून दिसून आले. आपल्याला हे किळसवाणे वाटेल, पण त्या पिल्लाच्या दृष्टीने ती पिढीजात मिळकत होय. म्हणून ही वस्ती एकदा उजाड झाली की ती पुन्हा बसावयास वेळ लागतो.

पाण्यातील स्लायडर मिश्राहारी असतो. लहानपणी किडे-मासे अधिक आणि वाढल्यावर पाण्यातील वनस्पती अधिक, असा त्याचा क्रम. त्याच्याही आतड्यात अशीच वस्ती असते, आणि तिला ऊब आणि योग्य आहार यांची तितकीच गरज असते.

यावर प्रतिजैविकांचा परिणाम काय होतो, हा आता मुख्य प्रश्न. आमच्या पिढीने प्रतिजैविकांचा तिरस्कार करण्याचे काहीच कारण नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लागला. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हाती आले आणि क्षयाला पहिले खरे औषध मिळाले. गिरणगावातील चाळींत क्षय म्हणजे काय होते, आणि शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाच्या वाटेने गेलेला माणूस परत येईल की नाही याची घरच्यांना काय धास्ती असे, हे जुन्या माणसांना विचारावे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. ते औषध गरिबाला परवडावे म्हणून राष्ट्राने उभारलेला तो कारखाना होता. या औषधांनी लाखो जीव वाचविले आहेत. म्हणूनच ती जपून वापरावयास हवीत.

प्रतिजैविक जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबविते. पण कोणता जिवाणू शत्रूचा आणि कोणता घरचा, हे त्याला कळत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते. कुत्र्याच्या किंवा माणसाच्या बाबतीत हे नुकसान बहुधा लवकर भरून निघते. पालेखाऊ कासवाच्या बाबतीत मात्र तोंडावाटे दिलेले औषध थेट त्याच्या स्वयंपाकघरावर जाऊन पडते. चोथा आंबविणारे जिवाणू मेले की अन्न तसेच पडून राहते. पोट फुगते, पातळ हागवण लागते किंवा मलावरोध होतो, आणि कासव अन्नावरून उठते. मोकळ्या झालेल्या जागी बुरशी आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू पसरतात. घरच्या माणसाला मात्र वाटते की, औषध कमी पडले. मग आणखी दोन थेंब दिले जातात.

शिवाय मात्रेचा प्रश्न आहे. माणसाच्या मानाने कासव लहान, म्हणून औषधही त्या प्रमाणात थोडे, असा हिशेब लोक करतात. तो चुकीचा आहे. कासवाच्या शरीराचा सगळा कारभारच संथ असल्यामुळे औषध त्याच्या रक्तातून फार हळू बाहेर पडते. सेफ्टाझिडिम नावाचे औषध माणसाला दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांना पशुवैद्य ते साधारणपणे ७२ तासांनी एकदा टोचतात. हा वेगसुद्धा ऊबेवर अवलंबून असतो. म्हणून चांगला डॉक्टर औषधाआधी कासवाला योग्य ऊबेत ठेवावयास सांगतो. जेंटामायसिनसारखी काही औषधे मूत्रपिंडांना जड जातात, आणि ज्या कासवाने चार दिवस पाणी घेतलेले नाही त्याला ती घातक ठरू शकतात. शरीराच्या मागल्या भागातील रक्त मूत्रपिंडांतून जाण्याची वाट या प्राण्यांत असते. त्यामुळे सुई पुढल्या पायाकडे टोचण्याची पशुवैद्यांची जुनी रीत आहे. येथे आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. कुत्र्यांच्या आणि गुरांच्या जंतांवर व गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन हे प्रतिजैविक नव्हे, पण ते घरात असले तर लोक तेही देऊन पाहतात. कासवांना ते प्राणघातक आहे. ते कोणत्याही कासवाला कधीही देऊ नये.

आणि ती कपाटातील बाटली! पाणी घालून तयार केलेले मुलांचे प्रतिजैविक आठवड्या-पंधरवड्यापलीकडे टिकतच नाही. म्हणजे रोग बरा करण्याइतके बळ त्यात उरलेले नसते. जिवाणूंना औषधाची ओळख करून देण्यापुरते मात्र असते.

याहून महत्त्वाची गोष्ट ही की, घरातील कासवाचे पुष्कळसे आजार मुळात जंतूंपासून सुरूच होत नाहीत. स्लायडरचे डोळे सुजून मिटतात ही नेहमीची तक्रार. घरचे लोक डोळ्यांत प्रतिजैविकाचे थेंब घालतात. पण त्याचे कारण बहुधा आहारात असते. वर्षानुवर्षे डबीतला वाळका झिंगा एवढेच ज्याला मिळाले, त्याच्या शरीरात अ जीवनसत्त्व उरत नाही. पापण्यांच्या आतले अस्तर जाड होते आणि डोळे बंद होतात. डोळे बंद झाले की अन्न दिसत नाही, म्हणून ते खात नाही. येथे पाहिजे असतो आहारात बदल: हिरवा पाला, किसलेले गाजर, कधी यकृताचा तुकडा, आणि बाकीचे पशुवैद्याच्या सल्ल्याने. जीवनसत्त्वाची सुईसुद्धा आपल्या मनाने देऊ नये, कारण जास्त झालेल्या अ जीवनसत्त्वाने कासवाची कातडी सोलवटून निघते.

दुसरी तक्रार कवच मऊ पडण्याची. याचे मूळ कॅल्शियमच्या आणि उन्हाच्या अभावात असते. ऊन म्हणजे कातडीवर पडणारे प्रत्यक्ष ऊन. काचेतून आलेल्या उन्हात हाडे बांधणारे किरण गाळले जातात. ज्या चाळीत खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसरी इमारत आहे तेथे माणसाच्या मुलालाच ऊन मिळत नाही, तर कासवाला कोठून मिळावे? तिसरी तक्रार खाणे सोडण्याची. डिसेंबर-जानेवारीतील थंड रात्री किंवा एकसारखी चालणारी वातानुकूलन यंत्रे एवढे कारण त्याला पुरते. चौथी तक्रार स्टार कासवाच्या हागवणीची. त्याला प्रेमाने केळे, आंबा, टोमॅटो, भात, चपाती घातली जाते. साखर आणि पीठ मोठ्या आतड्यात पोहोचले की चोथ्यावर जगणारे जिवाणू मागे पडतात, भलतेच आंबणे सुरू होते आणि पोट बिघडते. त्यावर दही घालणारेही आम्ही पाहिले आहेत. दही माणसाला चांगले, पण कासव काही दूध पिणारा प्राणी नव्हे. ते पचविण्याची सोय त्याच्या पोटात नाही, आणि दह्यातील जिवाणू त्याच्या आतड्यात घर करतील अशी आशा धरण्यातही अर्थ नाही. त्याच्या पोटातील वस्तीला पाहिजे असते गवत, पाला, पाणी आणि ऊब.

याचा अर्थ प्रतिजैविक कधीच लागत नाही असा कोणी घेऊ नये. कासव तोंड उघडून श्वास घेते, नाकातून फेस येतो, पाण्यात एका बाजूला कलंडून पोहते, ही फुप्फुसाच्या विकाराची लक्षणे असू शकतात. कवचावर घाण वासाचे खड्डे पडतात, कानाच्या जागी गाठ येते, तेव्हा जंतूंनी खरोखरच ठाण मांडलेले असते. अशा वेळी दिरंगाई करणे म्हणजे त्याला मरू देणे. पण तेव्हासुद्धा कोणते औषध, कोठे, किती दिवसांच्या अंतराने, हे तपासून ठरविण्याचे काम पशुवैद्याचे आहे. तो शक्य तेथे औषध टोचून देतो, कोमट पाण्यात बसवून अंगातले पाणी भरून काढतो, ऊब वाढवितो आणि खाणे सुरू झाले की चोथ्याचा आहार चालू करतो. आतड्यातील वस्ती अगदीच उजाड झाली असेल तर आपल्याच जातीच्या निरोगी, तपासलेल्या प्राण्याच्या विष्ठेतून ती पुन्हा बसविण्याचा मार्गही वैद्यकात आहे. त्यात जंतांचा धोका असल्यामुळे ते घरी करण्याचे काम नव्हे.

आपल्या मुंबईला पशुवैद्यकाची परंपरा नवी नाही. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एका गिरणीमालकाच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने, एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. त्याच परळात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. शीवहून परळ किती दूर? सहकुटुंब सिनेमाला जाणाऱ्या माणसाने तेथवर जाण्याची तसदी जरूर घ्यावी.

इथवर कासवाच्या हिताविषयी झाले. आता आपल्या हिताचे. कासवाच्या आतड्यातील वस्तीत सॅल्मोनेला नावाचा जिवाणू पुष्कळदा असतो. कासवाला त्याचा उपद्रव नसतो. माणसाला मात्र त्यापासून ताप, उलट्या, जुलाब होतात. तान्ह्या मुलाला, म्हाताऱ्या माणसाला आणि आजाराने खंगलेल्याला ते जिवावर बेतू शकते. अमेरिकेत लहान मुलांना कासवांपासून हा रोग इतका होऊ लागला की, १९७५ साली ४ इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी घालावी लागली. ४ इंचच का? तर त्याहून लहान कासव मूल तोंडात घालू शकते म्हणून.

त्यापुढची हकीकत आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. लुइझियाना राज्यातील कासव-उत्पादकांनी परदेशी विक्री चालू ठेवण्यासाठी सॅल्मोनेलाचा नायनाट करण्याचे ठरविले आणि कासवाच्या अंड्यांवर जेंटामायसिनचा प्रयोग सुरू केला. काही काळ तपासणीत जंतू दिसेनासे झाले. पण ते समूळ गेले नव्हते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तेथून कॅनडात आलेल्या अंड्यांत जेंटामायसिनला दाद न देणारे सॅल्मोनेला आढळले. म्हणजे कासव निर्जंतुक झाले नाहीच, उलट जंतूच अधिक निबर होऊन घरोघर पोहोचले. म्हणून निरोगी कासवाला सॅल्मोनेला जावा यासाठी प्रतिजैविक देऊ नये, हा आज पशुवैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. एका तपासणीत जंतू सापडला नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही, कारण तो विष्ठेतून कधी पडतो, कधी पडत नाही.

आता आपल्या खोलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एकच मोरी. तिच्यातच भांडी घासली जातात, तांदूळ धुतले जातात, बाळाला न्हाऊ घातले जाते. आणि त्याच मोरीत कासवाच्या भांड्यातले हिरवे पाणी ओतले जाते. बंगल्यात राहणाऱ्याच्या कासवापेक्षा आपल्या कासवाचा आपल्या ताटाशी संबंध जवळचा आहे. त्या पाण्यातील जंतू जर अर्ध्यामुर्ध्या औषधावर पोसलेला असला, तर बाळाला जुलाब झाल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधही लागू पडणार नाही. कपाटातील ते दोन थेंब असे फिरून आपल्याच घरात येतात. औषधाला न जुमानणारा क्षय मुंबईला परका नाही. अर्धवट औषधाची किंमत काय असते हे आपल्या वस्त्यांना कोणी नव्याने सांगावयास नको. खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना हाच इशारा दिला होता की, अपुरी मात्रा घेणारा माणूस जंतूंना मारण्याऐवजी तयार करतो.

तेव्हा करावे काय? ज्या घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा दुखणाईत माणूस आहे तेथे कासव आणूच नये. आधीपासून असेल तर त्याच्या भांड्याचे पाणी मोरीत न टाकता संडासात ओतावे, त्याची भांडी वेगळी ठेवावी, त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मुलांना त्याचे मुके घेऊ देऊ नयेत. त्याला ऊब, थेट ऊन, स्वच्छ पाणी आणि त्याच्या जातीचे अन्न द्यावे. आजारी पडल्यास प्रथम या चार गोष्टींत काय चुकले ते पाहावे आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. ज्या औषधाच्या पट्टीवर लाल रेघ आहे ते चिठ्ठीशिवाय विकत घेऊ नये, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध ठरल्याप्रमाणे पूर्ण करावे. ते पूर्ण केले म्हणजे कपाटात अर्धी बाटली उरणारच नाही. स्टार कासव असेल तर ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. आणि कंटाळा आला म्हणून स्लायडर शीवच्या किंवा आणखी कोणत्याही तलावात सोडू नये. जगातील अत्यंत उपद्रवी परक्या प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. तो आपल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावतो, आणि आपल्या पोटातील जंतूही बरोबर नेतो.

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो. कारखाना चालतो तो फाटकावरच्या पाटीमुळे नव्हे, आत राबणाऱ्या हातांमुळे. आणि ते हात दिसत नाहीत म्हणूनच त्यांना विनाविचार काढून टाकणे सोपे वाटते. कासवाच्या आतड्यातील वस्तीचेही तसेच आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पण कासव तिच्या जिवावर उभे असते. तुमच्या-आमच्या पोटातही अशीच वस्ती आहे. म्हणून पुढल्या वेळी घरातील कोणीही, माणूस असो की मुके जनावर, आजारी पडले आणि हात त्या वरच्या खणाकडे गेला, तर क्षणभर थांबावे आणि डॉक्टरांची वाट धरावी, एवढेच आमचे सांगणे आहे.